सगळे जेवत होते तेव्हा ओना निघून गेली

"इतक्या लहान मुलांना हे सगळं सांगायलाच हवं का गं?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारे बहुतेक आपलेच असतात. मराठी मंडळाच्या संक्रांतीला भेटलेली एखादी मैत्रीण असते, किंवा मुलगा पुढच्या वर्षी पाचवीत जाणार म्हणून आत्तापासून टेन्शन घेतलेला एखादा बाबा. मी फिलाडेल्फियाच्या बाहेरच्या एका गावात पाचवीला शिकवते. दहा-अकरा वर्षांची मुलं. त्यांना अमेरिकेचा इतिहास शिकवायचा आणि गुलामगिरी टाळायची, हे जमणारं काम नाही, तरी ते जमवायचा प्रयत्न करणारे लोक कमी नाहीत.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मूल रात्री झोपलं नाही तर उठून बसायचं आईबापांनी, शिक्षिकेने नाही. पण या प्रश्नामागे एक गृहीतक असतं, की गुलामगिरी शिकवणं म्हणजे साखळ्या, चाबूक आणि रक्त दाखवणं. आणि दुसऱ्या टोकाला अशी मंडळी आहेत ज्यांना वाटतं की हो, तेच दाखवायचं, सगळं दाखवायचं, मुलं हादरली पाहिजेत, त्याशिवाय त्यांना कळणार नाही. मला दोन्ही पटत नाही. या वयाच्या मुलांना क्रौर्याचे तपशील नको असतात, निर्णयांचे तपशील हवे असतात. कोणी ठरवलं, का ठरवलं, कायदा कोणी लिहिला, पैसे कोणाच्या खिशात गेले, नाही कोण म्हणालं, आणि नाही म्हटल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं. ही माहिती दिली की दहा वर्षांचं पोर जे काही बोलतं ना, ते ऐकून मोठ्यांनी गप्प बसावं.

हादरवायच्या नादात काय होतं ते इथल्या बातम्यांमध्ये दर एक-दोन वर्षांनी येतं. कुठल्यातरी शाळेत वर्गातच खोटा लिलाव केला, काही मुलांना उभं केलं आणि बाकीच्यांनी बोली लावली. कुठे गणिताच्या पेपरात गुलामांना पडणाऱ्या फटक्यांवर उदाहरण घातलं, कुठे "तू मळ्यावरचा गुलाम आहेस अशी कल्पना करून डायरी लिही" असा होमवर्क. करणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असंही नाही, त्यांना वाटतं मुलांना 'अनुभव' मिळेल. पण चाळीस मिनिटांच्या तासात गुलामगिरीचा अनुभव येत नाही, येतो तो फक्त नाटकाचा, आणि नाटकात मुलं हसतात, कारण ती मुलं आहेत. बोली लावणारा घरी जाऊन विसरतो. उभी केलेली पोरगी विसरत नाही.

आणि झाकायच्या नादात काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे २०१५ साली टेक्सासमध्ये गाजलेलं भूगोलाचं पुस्तक. त्यात नकाशाशेजारी लिहिलं होतं की अटलांटिक गुलाम व्यापारातून आफ्रिकेतले लाखो 'कामगार' दक्षिणेतल्या मळ्यांवर काम करायला आले. नववीतल्या एका मुलाने त्या पानाचा फोटो काढून आईला पाठवला, आईने तो नेटवर टाकला, आणि प्रकाशकांना मजकूर बदलावा लागला. मग २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात वाक्य आलं की गुलामांनी काही कौशल्यं शिकली आणि काहींना ती पुढे स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली. म्हणजे सोय झाली. अशा पुस्तकांवर वाढलेल्या पोरांना २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्व्हेत विचारलं होतं की अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं मुख्य कारण काय, तर बारावीतल्या फक्त ८ टक्के मुलांनी गुलामगिरी हे उत्तर निवडलं. आठ! त्यात नवल वाटायला नको खरं तर, पुस्तकांमध्ये सगळं आपोआप घडत असतं, पाऊस पडावा तसं, करणारा कोणीच नसतो.

म्हणून मी माझ्या वर्गात करणाऱ्यांपासून सुरू करते, आणि नशिबाने फिलाडेल्फियात त्यासाठी लांब जावं लागत नाही. सिक्स्थ आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, लिबर्टी बेलच्या अगदी शेजारी, जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचा ते घर होतं. १७९० ते १७९७ तो इथे राहिला, कारण तेव्हा राजधानी फिलाडेल्फिया होती. घर १८३२ मध्ये पाडलं. जमिनीखालचा पाया २००७ मध्ये खणून काढला आणि २०१० मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, घराच्या अर्धवट भिंतींसारखं, त्यावर वॉशिंग्टनने या घरात ठेवलेल्या नऊ गुलामांची नावं कोरली. स्वातंत्र्याची घंटा बघायला जी रांग लागते ना, ती त्या लोकांच्या राहायच्या जागेपासून काही पावलांवर.

आता गोष्ट अशी की पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच एक कायदा केला होता. त्याने गुलामगिरी एका झटक्यात संपली नाही, पण त्यात असं एक कलम होतं की बाहेरच्या राज्यातला मालक सहा महिन्यांहून जास्त इथे राहिला तर त्याने आणलेल्या गुलामांना मोकळं व्हायचा हक्क मिळतो. वॉशिंग्टन व्हर्जिनियाचा. मग त्याने काय केलं? सहा महिने भरत आले की एकेकाला काहीतरी निमित्त काढून राज्याबाहेर पाठवायचं आणि परत आणायचं, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. १७९१ मध्ये त्याने आपल्या सेक्रेटरीला पत्र लिहिलं की हे अशा बहाण्याने करा की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही कळू नये. पत्र आहे, छापलेलं आहे, कुणीही वाचू शकतं.

हे सांगितल्यावर वर्गात जो आवाज होतो तो मला दरवर्षी ऐकायला आवडतो. "दॅट्स चीटिंग!" कुणालाही भयानक चित्र दाखवलेलं नसतं, कुणी रडत नाही, आणि तरी त्यांना सगळं कळलेलं असतं. नियमात पळवाट काढणं म्हणजे काय यातले तज्ज्ञच असतात पाचवीतले लोक. शिवाय त्यांच्या लक्षात येतं की ज्याला लपवावंसं वाटलं त्याला ते चूक आहे हे ठाऊक होतं. हे मी सांगत नाही, तेच सांगतात.

मग ओना जज. मार्था वॉशिंग्टनची खास दासी, कपडे, केस, शिवणकाम सगळं तीच बघायची, शिवणात तर एकदम हुशार. बावीस-तेवीस वर्षांची होती. १७९६ च्या मे महिन्यात घरात व्हर्जिनियाला जायची बांधाबांध चालली होती आणि तिला कळलेलं होतं की मार्थाबाई तिला आपल्या नातीला देऊन टाकणार आहेत, लग्नाची भेट म्हणून. त्या बांधाबांधीच्या गडबडीत ओनानेही आपली बांधाबांध केली. शहरातल्या मोकळ्या ब्लॅक लोकांमध्ये तिच्या ओळखी होत्या, त्यांच्याकडे तिने आपलं सामान आधीच पोचवलं, आणि २१ मे ला घरातले सगळे जेवायला बसलेले असताना ती दारातून बाहेर पडली. एका जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला गेली. त्या जहाजाच्या कप्तानाचं नाव तो मरेपर्यंत तिने कोणाला सांगितलं नाही, त्याला शिक्षा होऊ नये म्हणून.

वॉशिंग्टनच्या घरच्या कारभाऱ्याने पेपरात जाहिरात दिली, दहा डॉलर बक्षीस. ही जाहिरात मी मुलांना जशीच्या तशी वाचायला देते. तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके, डोळे, केस, अंगाने कशी आहे, कपडे किती चांगले आहेत, सगळं वर्णन आहे, आणि मध्येच असं वाक्य आहे की ती जाईल अशी शंकाही नव्हती आणि जायला काही कारणही घडलेलं नव्हतं. एवढ्या एका वाक्यावर आमचा अख्खा तास जातो. कारण नव्हतं असं लिहिणाऱ्याला काय वाटत असेल? त्याला खरंच कारण दिसत नव्हतं का? चांगले कपडे होते, पोटभर जेवण होतं, मग ती का गेली? मुलं भांडतात. मी मध्ये पडत नाही.

आणि मग येतो तो प्रश्न, जो येणारच असतो: मग सगळेच का नाही पळून गेले? मोठ्यांनी विचारला तर या प्रश्नाला एक वास येतो, पण मुलं सरळ विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर द्यायला हवं. १७९३ मध्ये पळालेल्या गुलामाला दुसऱ्या राज्यातूनही पकडून आणायचा कायदा झाला, त्यावर सही कोणाची, तर वॉशिंग्टनचीच. ओना पोर्ट्समथला पोचली तरी त्याने तिथल्या कस्टमच्या अधिकाऱ्याला तिच्याशी बोलायला लावलं. तिने निरोप दिला की तुम्हा दोघांच्या पश्चात मला मोकळं करणार असाल तर येते. वॉशिंग्टन म्हणाला, अशी बोलणी होणार नाहीत. १७९९ मध्ये मार्थाचा भाचा तिला न्यायला आला, तोपर्यंत तिचं लग्न झालेलं, मूल झालेलं, पण तिला आधी खबर मिळाली आणि ती लपली. आणि ते मूल? न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेलं, बाप मोकळा खलाशी, तरी कायद्याने ते मूलसुद्धा मार्थाच्या पहिल्या सासरच्या व्हर्जिनियातल्या इस्टेटीच्या मालकीचं, कारण १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला होता की मुलाची स्थिती आईवरून ठरेल. त्याआधी इंग्लिश रिवाजात मूल बापाच्या मागे जायचं. कुणीतरी बसून तो रिवाज उलटा केला, लिहून काढला, मतदान केलं.

मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वात भयंकर गोष्ट हा १६६२ चा कायदा आहे, आणि तो मुलांना सांगताना एक थेंब रक्त दाखवावं लागत नाही. आम्ही आकडे फळ्यावर घेतो. आफ्रिकेतून जहाजांत चढवलेली माणसं साधारण सव्वा कोटी, जिवंत उतरलेली एक कोटी सात लाखांच्या आसपास (मधला फरक मुलं स्वतः काढतात, तेव्हा वर्ग थोडा शांत होतो आणि मी तो शांत राहू देते), त्यातली थेट उत्तर अमेरिकेत उतरली चार लाखांच्या आतच, बाकी बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन. आणि १८६० च्या जनगणनेत अमेरिकेतले गुलाम किती? साडेएकोणचाळीस लाख. बाहेरून आणायला तर १८०८ पासून बंदी होती. मग हे आले कुठून? एखादी मुलगी हळूच हात वर करते, बाळं. हो, बाळं.

हर्क्युलिसची गोष्ट मी यानंतर सांगते, कारण तोवर मुलांना जरा हवा लागते. हर्क्युलिस वॉशिंग्टनचा मुख्य स्वयंपाकी, शहरात नावाजलेला, कामाच्या बाबतीत एकदम कडक, आणि संध्याकाळी उत्तम कपडे घालून फिरायला जाणारा. त्याच्यावर एक चित्रांचं पुस्तक निघालं होतं, तो आणि त्याची लेक हसतहसत वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा केक करतायत असं, २०१६ मध्ये इतकी टीका झाली की प्रकाशकांनी ते मागे घेतलं. केक, हसू, सगळं गोड. आणि खरा हर्क्युलिस पळाला कधी? २२ फेब्रुवारी १७९७. वॉशिंग्टनचा पासष्टावा वाढदिवस! फिलाडेल्फियात वाढदिवसाची गडबड असणार आणि तिकडे व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवरून, आचारी गायब. काही आठवड्यांनी तिथे एक फ्रेंच पाहुणा आला, पुढे फ्रान्सचा राजा झाला तो लुई फिलिप, त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारलं की बाबा आता कधीच दिसणार नाही, वाईट वाटत असेल ना. ती म्हणाली मला खूप आनंद झालाय, कारण ते आता मोकळे आहेत. सहा वर्षांची होती ती. हे त्या पाहुण्याने आपल्या डायरीत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. ज्यांना वाटतं मुलांना हा विषय झेपणार नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की तेव्हा तो सहा वर्षांच्या मुलांना जगावा लागत होता.

मग वॉशिंग्टन चांगला होता की वाईट, हे विचारतात. मी उत्तर देत नाही. मी फळ्यावर वर्षं लिहिते: १७९१ चं पत्र, १७९३ ची सही, ओनाला दिलेला नकार, आणि १७९९ चं मृत्युपत्र ज्यात त्याने आपल्या मालकीच्या १२३ जणांना मोकळं करायचं लिहिलं (माउंट व्हर्ननमध्ये तेव्हा एकूण ३१७ होते, बरेचसे मार्थाच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीचे, त्यांना ते लागू नव्हतं). हे सगळे निर्णय एकाच माणसाचे. घ्या, तुम्हीच लिहा.

एक वाक्य मात्र मी वर्गात चालवून घेत नाही, ते म्हणजे "त्या काळी तसंच होतं". हे वाक्य आपल्याकडेही फार लाडकं आहे, कुठलाही विषय काढा, सती काढा, अस्पृश्यता काढा, काकालोक हेच म्हणतात. त्या काळी म्हणजे कोणाच्या काळी? ओना त्याच काळातली होती, तिला काय वाटत होतं ते तिच्या पायांनी सांगितलं. आणि फक्त गुलामांनाच वाटत होतं असंही नाही. आमच्या शाळेपासून गाडीने फार लांब नाही असं जर्मनटाउन आहे, तिथे १६८८ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टन जन्मायच्या ४४ वर्षं आधी, चार गोऱ्या माणसांनी गुलामगिरीविरुद्ध निषेधाचा कागद लिहिला. त्यांनी तो आपल्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) सभेपुढे ठेवला, सभेने म्हटलं विषय फार मोठा आहे, वरच्या सभेकडे पाठवा, त्यांनी आणखी वर पाठवला, आणि वरच्यांनी बाजूला ठेवून दिला. सरकारी ऑफिसात फाईल फिरावी तशी फिरली बिचारी. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी आपल्या सभासदांना गुलाम ठेवायला पूर्ण बंदी घातली ती १७७६ मध्ये. मधल्या ८८ वर्षांमध्ये तो कागद होताच की. काळाला माहीत होतं, माणसांनी ठरवत बसायला वेळ घेतला.

आता थोडं वर्गाबद्दल, कारण गोष्टी कितीही चांगल्या असल्या तरी वर्गात कोण बसलंय यावर सगळं ठरतं. माझ्या वर्गात कधी तीन-चार ब्लॅक मुलं असतात, कधी एकच. त्या एका मुलीकडे सगळ्यांच्या माना वळतात, नकळत वळतात, आणि ती बाकावर आक्रसते. यावर मला एकच उपाय सापडलाय तो म्हणजे विषयाची सुरुवात जहाजापासून करायचीच नाही. आधी आफ्रिका. माली, बेनिनचे ब्राँझचे पुतळे, आणि माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे तांदूळ. पश्चिम आफ्रिकेचा स्वतःचा भात आहे, आशियातल्या भाताहून वेगळ्या जातीचा, हजारो वर्षांपासून तिथे पिकवलेला. साउथ कॅरोलायनातल्या मळेवाल्यांना भाताचं फारसं काही येत नव्हतं, म्हणून त्यांना भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरची माणसं हवी असायची, तशी मागणीच असायची. बांध घालणं, भरती-ओहोटीचं पाणी आत घेणं-सोडणं, सडणं, पाखडणं. पाखडायच्या त्यांच्या गवताच्या पसरट टोपल्या मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा आजीचं सूपच आठवलं. चार्ल्सटनजवळ अजूनही गल्ला समाजातल्या, म्हणजे तिथल्या गुलामांच्या वंशजांमधल्या, बायका त्या विणतात, हायवेच्या कडेला बसून विकतात. तर अशा माणसांना पकडून आणलं, ज्ञान असलेल्या माणसांना, आणि त्या ज्ञानावर दुसरे श्रीमंत झाले. इथपर्यंत आलो की मग जहाज. तोपर्यंत ती एकटी मुलगी बाकावर सरळ बसलेली असते.

वर्गातल्या ब्लॅक मुलांना "तुला काय वाटतं?" असं कधीही एकटं पाडून विचारायचं नाही. पालकांना आधी पत्र पाठवायचं, सगळ्यांना एकच, त्यात काय सांगणार आणि काय सांगणार नाही ते स्पष्ट. १८६३ चा तो पाठीवरच्या वळांचा प्रसिद्ध फोटो पाचवीत मी लावत नाही, तो त्यांना मिडल स्कूलमध्ये भेटेल. जुन्या कागदात शिवी आली तर मी मोठ्याने वाचत नाही. आणि हा तास शेवटचा ठेवायचा नाही, बस पकडायच्या गडबडीत मुलांच्या पोटात प्रश्न तसेच राहतात आणि मग ते घरी रात्री दहा वाजता बाहेर येतात. गोरी मुलं कधीकधी गुन्हेगारासारखी बसतात, त्यांना जर्मनटाउनचा कागद उपयोगी पडतो, पण तो मी औषध म्हणून देत नाही, कारण मग सगळी गोष्ट चार भल्या गोऱ्यांची होते आणि पिक्चर सुखान्त.

देशी मुलं? ती बिनधास्त असतात. ही त्यांची भानगड नाही अशा थाटात. घरूनच तसं आलेलं असतं, त्यात पोरांचा काय दोष.

आपली भानगड आहे ना पण. मी मूळची नाशिकची. शरणपूर रोडवरून किती वेळा गेले असेन, सायकलवरून, रिक्षातून, आणि ते शरण कोणाला दिलं होतं हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही आणि कोणी पाडलाही नाही. हिंदी महासागरातही गुलामांचा व्यापार होता, झांझिबारच्या बाजारातून, अरबी गलबतांमधून. इंग्रजांचं आरमार ती गलबतं पकडायचं आणि सुटलेल्या माणसांपैकी बरीच मुंबईला उतरवली जायची, त्यात पुष्कळ लहान मुलं. त्यांतल्या अनेकांना नाशिकला मिशनऱ्यांच्या शरणपूरच्या वसाहतीत पाठवलं. तिथे ती इंग्रजी शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. बाहेर त्यांना 'नासिक बॉइज' म्हणायचे. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी आफ्रिकेच्या आतल्या भागात मेला तेव्हा जेकब तिथे होता, झाडाच्या खोडावर त्याचा लेख कोरणारा तोच, आणि सुसी, चुमा या लिव्हिंगस्टनच्या सोबत्यांबरोबर आणि बाकीच्यांबरोबर ते शव महिनोन्महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमध्येही तो. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांमध्ये हा नाशिकला शिकलेला, पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा मुलगा होता. सांगा बरं, हे मला नाशिकमध्ये का नाही कळलं?

१८७३ हे वर्षच विचित्र आहे. त्याच वर्षी जूनमध्ये झांझिबारचा गुलाम बाजार बंद झाला, त्यासाठी आधी सुलतानाकडे वाटाघाटीला गेला होता तो बार्टल फ्रिअर, मुंबईचा माजी गव्हर्नर. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी गुलामगिरीवरचं आपलं पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं कोणाला, तर गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून एका माणसाला कळत होतं की तिकडचं आणि इकडचं एकाच जातीचं आहे. आणि आम्ही दीडशे वर्षांनी पेनसिल्व्हेनियात बसून म्हणतो, आपल्याला काय त्याचं.

पेशवाईतल्या कुणबिणींबद्दल तर बोलायलाच नको. विकत घेतलेल्या, दंडात पकडलेल्या, कोठीवर, पागेत, वाड्यांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या बायका, त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवे दफ्तरात आहेत. गोव्यात पोर्तुगिजांच्या घरांमध्ये मोझांबिकहून आणलेली माणसं होती. मलिक अंबर आम्हाला शाळेत होता, त्याची जमीनमहसुलाची पद्धत पाठ केली होती मार्कांसाठी, पण इथिओपियातला एक मुलगा विकला जातो, हातोहात फिरतो, आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कारभार चालवतो, हे अर्ध्या ओळीत उरकलं होतं. १८४३ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदुस्थानात गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला. काढून घेतला म्हणजे तोवर होता. ज्या घरांमध्ये ऐतिहासिक कादंबऱ्यांची पारायणं होतात त्या घरांमध्ये वाड्याचं वर्णन येतं, दिवाणखाना येतो, झुंबर येतं, ते झुंबर पुसणारी बाई कोण होती हे येत नाही.

यंदा मी आमच्या रविवारच्या मराठी शाळेत शरणपूर घेणार आहे. तिथली मुलं आठ ते बारा वर्षांची, मराठी तुटकं, पण नकाशा छान वाचतात. झांझिबार, मुंबई, नाशिक, मोंबासा, असा एक दोरा. मोंबासा अशासाठी की १८७५ च्या सुमाराला नाशिकच्या या मुलांतली बरीच जणं तिकडे परत गेली, फ्रिअर टाउन नावाच्या नव्या वसाहतीत, सुटून आलेल्या दुसऱ्या गुलामांना आसरा द्यायला. आणि प्रश्न तेच जे पाचवीला विचारते. गलबत कोणाचं, पकडलं कोणी, मुलांना नाशिकला पाठवायचं कोणी ठरवलं, त्यांची नावं बदलून जेकब आणि मॅथ्यू कोणी केली, आणि हे करताना त्यांना विचारलं का. सोडवणारे लोक चांगलेच होते असं मी सांगणार नाही आणि वाईट होते असंही नाही. पोरांनी भांडावं. एका पालकांनी आत्ताच विचारलंय की गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची तयारी सोडून हे कशाला, त्यांना म्हटलं दोन्ही होईल, लेझीमलाही वेळ ठेवलाय.

फक्त एक अडचण आहे. माझ्याकडे शरणपूर रोडचा चांगला फोटोच नाही, आहेत ते सगळे मामेबहिणीच्या लग्नाच्या वरातीतले. हे वाचणारं कुणी त्या बाजूला राहत असेल तर आजचा एक फोटो काढून पाठवा प्लीज, नावाची पाटी दिसेल असा. ट्रॅफिक आला तरी चालेल.